दळण, दंडार आणि कोठडी

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव मागे पडले की गोंदिया जिल्हा संपत येतो आणि पुढे वडसा लागते. सरकारी कागदांत या गावाचे नाव देसाईगंज; आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत वडसा म्हटले की नाटक आठवते. दिवाळी झाली, गावोगाव मंडई भरू लागली, की रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. त्या हंगामातल्या अनेक नाट्यमंडळांच्या कचेऱ्या वडसा येथे आहेत आणि गावोगावचे लोक तिथे येऊन प्रयोग ठरवतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ‘मथुरा खटला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाने पुढे भारताचा बलात्कारविषयक कायदा बदलायला लावला.

एकाच गावाच्या या दोन ओळखी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न टाळता येत नाही. जिथली माणसे रंगमंचावरच्या दुःखासाठी रात्र रात्र जागतात, तिथल्या कोठडीतल्या मुलीचा आवाज न्यायालयापर्यंत पोहोचूनही ऐकला का गेला नाही? तुरुंगातल्या स्त्रिया आणि संकटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुली यांच्यासाठी नाटक, नृत्य, गायन, चित्र, लेखन अशा उपक्रमांची चर्चा हल्ली बरीच होते. त्या चर्चेत ‘या स्त्रियांना कला द्यावी’ अशी भाषा वारंवार येते. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळे चित्र दिसते. कला या बायकांकडे आधीपासून होती. कोठडीने, आश्रमाने, ठाण्याने त्यांच्यापासून काढून घेतला तो ऐकणारा. प्रस्तुत लेखात त्या ऐकणाऱ्याचा शोध घ्यायचा आहे.

झाडीतला आवाज

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी प्रदेश जुना आहे: तलावांचा, धानाचा, जंगलाचा. पावसाळ्यात बांधीत चिखल झाला की पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बायका ओळीने उतरतात आणि रोवणी करताना गातात. पाठ वाकलेली, हात चिखलात, आणि एकीने ओळ टाकली की बाकीच्यांनी ती उचलायची, असा हा प्रकार. विदर्भात भुलाबाईच्या दिवसांत मुली सासर-माहेरची गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत सासूविषयी, नणंदेविषयी जे बोलता येते ते एरवी घरात बोलता येत नाही. गोंडांच्या वस्त्यांत रेलाच्या फेऱ्यात मुली हातात हात गुंफून गातात. एकूण पाहता या प्रदेशातल्या मुलीला गाणे शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही.

मांडवातली गोष्ट निराळी. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने लोकनाट्यप्रकार. ढोलकीच्या तालावर, मंडईच्या गर्दीत ते रंगतात. त्यांतली बाई कित्येक पिढ्या पुरुषानेच केली. झाडीपट्टीच्या नाटकातही स्त्रीभूमिका प्रथम पुरुषांकडे होत्या. नट्या नंतर आल्या. म्हणजे बाईचे दुःख हा या रंगभूमीचा हुकमी विषय होता, पण ते बोलून दाखवणारा गळा पुष्कळदा पुरुषाचा असे. शेतात गाणारी बाई आणि मांडवात दिसणारी बाई यांच्यात हे अंतर राहिले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीला अभ्यासाचा विषय म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यामुळे या कलांविषयी आज नीट बोलता येते. आपल्या प्रश्नासाठी लक्षात ठेवायचे ते एवढेच, की गाण्याला जागा कोणती आणि श्रोता कोण, यावर गाण्याचा अर्थ ठरतो.

जाते घरचे आणि जाते तुरुंगातले

महाराष्ट्रातल्या बाईची सर्वांत मोठी सामूहिक कविता जात्यावर झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पहाटेचा अंधार, दोघींनी धरलेला खुंटा, शेजारी झोपलेले घर. ओवी कोणाला सांगायची तर जात्याला, विठ्ठलाला, दूरच्या भावाला, आणि प्रत्यक्षात समोर बसलेल्या जावेला किंवा शेजारणीला. तिच्या दुःखाला निदान एक कान मिळे.

हेच जाते तुरुंगातही होते. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी तुरुंगांत दळण हे सक्तमजुरीचे नेहमीचे काम होते आणि स्त्री कैद्यांच्या वाट्याला ते हमखास येई. मात्र वसाहतकाळातल्या तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये मोठ्याने बोलणे, हसणे, गाणे या गोष्टी मनाई केल्यावरही चालू ठेवल्यास तो तुरुंगातला अपराध मानला जाई. दगड तोच, हात तेच. फक्त ओवी शिक्षेस पात्र. तुरुंग बाईकडून काय काढून घेतो हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

या जात्यापाशी पोहोचलेल्या बायका कोण होत्या? जोतीराव फुले यांनी १८८४ साली सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिताना काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकिगत नोंदवली आहे. फसवणुकीतून गर्भ राहिला, बदनामीच्या भीतीने तिने मूल मारले आणि १८६३ साली तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते या पार्श्वभूमीवर. पुढे १८८१ मध्ये सुरत भागातल्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात ती सौम्य झाली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीला धारेवर धरले. तेव्हा विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. मराठी स्त्रीच्या तडाखेबंद गद्याचा हा आरंभ एका कैदी बाईच्या निमित्ताने झाला, हे आपण पुरेसे लक्षात घेत नाही. स्वतः विजयालक्ष्मी मात्र त्या वादात कुठेच बोलत नाही. तिच्याविषयी बोलले गेले, कधी शिव्यांनी, कधी कळवळ्याने.

आश्रयाच्या भिंती

तुरुंगात जाण्याआधी मुलीला सावरावे, हा विचार महाराष्ट्रात नव्याने आलेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले. अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. गाणे, खेळ, हाताने घडवायच्या वस्तू यांतून मूल शिकते हा त्या पद्धतीचा गाभा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेव्हाचा भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाही, याच प्रांतात मोडत असे. दुष्काळी छावण्यांत आणि रस्त्यांवर एकट्या पडलेल्या मुली कोणाच्या हाती लागतात हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना आपल्याबरोबर आणले. केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार त्यातून झाला. स्वतः रमाबाईंनी किशोरवयात दुष्काळात आई-वडील गमावले होते. त्यांना हे दृश्य परके नव्हते.

मुक्ती सदनात विणकाम, शेती, गायन, छपाई असे अनेक उद्योग चालत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, आश्रमातल्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. दुष्काळातून उचललेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुलींच्या हातांनी एवढा मोठा ग्रंथ उभा राहिला, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातली सन्मानाची नोंद आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. आश्रमातल्या मुलीला गाता आले, पण भजन गाता आले. तिला खिळे जुळवता आले, पण मजकूर आधी ठरलेला होता. धर्मांतराच्या वादात त्या काळी रमाबाईंवर झालेली टीका पुष्कळदा दुष्टाव्याची होती, आणि रमाबाईंच्या ऋणाचा विसर पडू देता कामा नये. मुद्दा एका संस्थेचा नाही. हिंदू, ख्रिस्ती, सरकारी अशा कोणत्याही आश्रयगृहात मुलीच्या अभिव्यक्तीला वाव मिळाला तो सुधारणेचा पुरावा म्हणून. ती नीट शिवते, नीट गाते, म्हणजे ती सुधारली. ती काय भोगून आली हे गाण्यात येऊ लागले तर ऐकायचे कोणी, याची सोय नव्हती. मुंबई इलाख्यात १९२४ चा बालकायदा झाल्यावर बेवारस आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था उभी राहू लागली, आणि हीच दृष्टी त्या व्यवस्थेतही उतरली.

वही कोणाच्या हाती

स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग मराठी साहित्याचे मोठे लेखनगृह बनला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी घराघरांत पोचलेली ही दोन पुस्तके पुरुषांच्या बराकीतून आली. त्यांतल्या एका पुस्तकाची नायिका तर सर्वस्वी एक बाई आहे. सत्याग्रही स्त्रियाही त्याच वर्षांत तुरुंगात होत्या, पण स्त्रियांच्या बराकीतून त्या तोडीचे, तितके वाचले गेलेले पुस्तक मराठीला मिळाले नाही. कैद्यांचे वर्ग पाडलेले होते. शिकलेली राजकीय कैदी वही मागू शके. चोरीच्या, दारूच्या, बालहत्येच्या आरोपाखाली आलेली बाई अंगठा उठवून आत आलेली असे.

आणीबाणीत हाच भेद पुन्हा दिसला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि दुर्गा भागवतांसारख्या लेखिका तुरुंगात गेल्या. या निमित्ताने शिकलेल्या समाजाला स्त्रियांच्या तुरुंगाची आतली बाजू कळली. पण ती कळायला तिथे ओळखीची बाई जावी लागली.

कैद्याच्या माणूसपणावर विश्वास ठेवणारा महाराष्ट्राचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोगही पुरुषांचाच. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत झाली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्या चित्रपटातली बाई खेळणी विकते आणि अंगाई गाते. तिच्या गाण्याने कैदी माणसात येतात. ती स्वतः कैदी नाही. कैदी बाईला अंगाई गायची असेल, तिचेच मूल बराकीत तिच्या कुशीत असेल, ही कल्पना त्या कथेच्या परिघाबाहेर होती.

खोटे ठरवलेले ओरडणे

आता पुन्हा देसाईगंजकडे वळू. १९७२ साली हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. ती मुलगी पोरकी होती, भावाजवळ राहून मजुरी करत होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिचे एका तरुणाशी जुळले होते. भावाच्या तक्रारीवरून सर्वांना रात्री ठाण्यात बोलावले गेले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर काढून तिला आत ठेवण्यात आले. नातेवाईक बाहेर उभे होते. आजच्या संस्थांच्या भाषेत ज्या मुलीला ‘जोखमीत असलेली’ म्हणतील, तिची सगळी लक्षणे तिच्या ठायी होती, आणि जोखीम आली ती संरक्षणाच्या जागेतून.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा फरक त्या निकालाने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, आणि तिने ओरडल्याचे जे सांगितले ती बनावट गोष्ट, असा त्या निकालाचा रोख होता. एका मुलीचे ओरडणे घडलेच नाही असे कागदोपत्री ठरले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, मुंबईत १९८० साली बलात्काराविरुद्ध मंच स्थापन झाला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात संमती नव्हती असे तिने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे अशी तरतूद झाली. तिच्या शब्दाला कायद्याने वजन दिले.

त्याच १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणले आणि महाराष्ट्रभर त्याचे शेकडो प्रयोग झाले. नेपथ्य नाही, झगमगाट नाही. साध्या वेशातल्या बायका ओळखीच्या चालींवर आपले जगणे गातात. मांडवातली बाई बाईने करायची आणि तिने स्वतःविषयी बोलायचे, हे मराठी प्रेक्षकाने इतक्या मोठ्या प्रमाणावर तेव्हा पाहिले. कायदा आणि नाटक यांची ही एकाच वर्षातली गाठ मला योगायोगापेक्षा अधिक वाटते. दोन्हींच्या मुळाशी एकच मागणी होती: बाई सांगते ते ऐका.

पंधरा जणी

ऐकण्याचे काम काय करू शकते याचा पुरावाही याच काळातला आणि महाराष्ट्रातलाच आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, छळ झाला. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले. चौकशीसाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात पाठवले गेले. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने आदेश दिले: स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर स्त्री पोलिसांचा पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीत, अटक झालेल्याला कायदेशीर मदत, आणि कोठड्यांना न्यायाधीशांच्या अचानक भेटी.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. बर्से यांनी मुलाखती टेपरेकॉर्डरवर घ्यायला सुरुवात केली तेव्हा तुरुंग प्रशासनाने हरकत घेतली. टिपणे काढा, आवाज मुद्रित करू नका. नंतर परवानगीच काढून घेतली गेली. हे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८७ च्या निकालाने पत्रकारांचा कैद्यांना भेटण्याचा मार्ग मोकळा ठेवला, पण कैद्याची संमती आणि प्रशासनाचे वाजवी निर्बंध यांच्या चौकटीत. टिपण आणि ध्वनिमुद्रण यांतला हा वाद क्षुल्लक नाही. टिपणात बाईचे म्हणणे येते. फितीवर तिचा आवाज, तिची बोली, तिचा हुंदका, मधली शांतता हे सारे येते. तुरुंगाला अडचण झाली ती त्याची.

न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८३ मध्ये आणि स्त्री कैद्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीने १९८७ मध्ये अहवाल दिले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत काम करू लागला. सुधारणांची कागदपत्रे वाढत गेली. तरी २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मृत्यू झाला. खाण्याच्या वस्तूंच्या हिशेबावरून तिला झालेल्या मारहाणीचा आरोप तुरुंगातल्या कर्मचारी स्त्रियांवर ठेवण्यात आला. ही गोष्ट बाहेर आली ती बराकीतल्या बायका गप्प बसल्या नाहीत म्हणून. पहारा स्त्रीचा असला म्हणजे ऐकणारे मिळाले असे होत नाही, हेही त्या घटनेने दाखवले.

तालीम

कलेच्या उपक्रमांकडे या इतिहासानंतर पाहिले तर त्यांची पारख सोपी होते. इंग्लंडमधील ‘क्लीन ब्रेक’ ही नाट्यसंस्था १९७९ साली दोन स्त्री कैद्यांनीच तुरुंगात असताना उभी केली. त्यांना आपली गोष्ट आपण सांगायची होती. सॅन फ्रान्सिस्कोत रोडेसा जोन्स यांना तुरुंगातल्या स्त्रियांना व्यायाम शिकवायला बोलावले होते. बायकांना बोलायचे आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९८९ मध्ये स्त्री कैद्यांचे ‘मेडीआ प्रोजेक्ट’ हे नाट्यकार्य सुरू झाले. कोलकात्यात नृत्यांगना अलकनंदा रॉय यांनी २००७ पासून प्रेसिडेन्सी तुरुंगात कैद्यांना घेऊन रवींद्रनाथांची ‘वाल्मीकिप्रतिभा’ बसवली आणि ती तुरुंगाबाहेरच्या नाट्यगृहांत नेली. त्याच शहरात सोहिनी चक्रवर्ती यांच्या ‘कोलकाता संवेद’ने देहव्यापारातून सुटलेल्या मुलींसाठी नृत्य हे उपचाराचे साधन मानले. शरीरावर अन्याय झालेल्या मुलीला शब्द सापडत नाहीत तेव्हा शरीरच बोलू द्यावे, असा त्यामागचा विचार आहे. मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या मुलींच्या ‘क्रांती’ या संस्थेने ‘लाल बत्ती एक्सप्रेस’ हे नाटक केले. वेश्यावस्तीत वाढलेल्या मुली त्यात आपल्याच आयुष्याविषयी बोलतात, हसतात, प्रेक्षकाला प्रश्न विचारतात. हे नाटक परदेशांतही गेले.

या सर्वांत दोन गोष्टी समान दिसतात. मजकूर त्या स्त्रियांचा आहे, आणि प्रेक्षक तुरुंगाबाहेरचे आहेत. जिथे या दोन गोष्टी नसतात तिथे कार्यक्रम होतो, सत्कार होतो, छायाचित्र निघते आणि बायका बराकीत परत जातात. अभंग आणि भजनांच्या स्पर्धा तुरुंगांत होतात, त्यांनाही मी कमी लेखणार नाही. गळा मोकळा होणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि चोखामेळ्याचा, जनाबाईचा अभंग म्हणताना बाई काय काय म्हणून घेते हे परीक्षकाला कळत नसते. पण जनाबाईने दळताना विठ्ठलाशी केलेले भांडण आपण आज वाचतो ते कोणीतरी ते लक्षात ठेवले म्हणून.

लक्षात ठेवण्याचे एक अलीकडचे उदाहरण. वकील सुधा भारद्वाज २०१८ ते २०२० या काळात येरवड्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात होत्या. फाशी यार्डातल्या आपल्या खोलीच्या गजांआडून त्यांना ज्या स्त्रिया दिसत, त्यांच्याविषयी त्या वहीत लिहीत गेल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात अशा शहात्तर जणींची शब्दचित्रे आहेत. वही पुन्हा शिकलेल्या बाईच्याच हाती होती, हे खरे. तरी यावेळी वहीतला विषय लिहिणारी स्वतः नव्हती. शेजारच्या बराकीतल्या बायका होत्या.

गोंदियाच्या वाटेवर

देशात २०२२ अखेर तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. बहुसंख्य कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. या लहान आकड्याचा उलटा परिणाम होतो. मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती तुरुंगात स्त्रियांची बराक असते, तिथे संस्था पोचतात, नाटकाची तालीम होऊ शकते. पूर्व विदर्भातल्या लहान तुरुंगात एका वेळी मोजक्याच बायका असतात. त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक, वेगळी खोली, वेगळा कार्यक्रम यांचा हिशेब कोणत्याही कचेरीत बसत नाही. त्यात गोंडी, छत्तीसगढी, पोवारी किंवा झाडीबोली बोलणारी बाई आली, तर वकिलाची मराठी आणि न्यायालयाची इंग्रजी तिला दोन्ही परक्या. आपल्यावर आरोप काय हेही तिला दुसऱ्याच्या तोंडून कळते. म्हणून या भागात असा उपक्रम करायचा तर पहिले साधन बोली हेच ठरेल.

मुलींची बाब आणखी निकडीची आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यातल्या किती तरी मुली आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. घरापासून दूर, सरकारी छपराखाली, मोठ्यांच्या ताब्यात. ‘ताबा’ हा शब्द इथे मी जाणूनबुजून वापरतो. देसाईगंजच्या मुलीने आपल्याला शिकवले ते हे, की संरक्षणाची जागा आणि धोक्याची जागा एकच असू शकते. अशा जागेत मुलीला विश्वासाने बोलता यावे म्हणून गाणे आणि नाटक फार उपयोगी पडतात. भुलाबाईच्या गाण्यात सासूचे नाव घेऊन जे सांगता येते, ते तालमीत एखाद्या पात्राचे नाव घेऊन सांगता येते. ‘मला असे झाले’ म्हणणे कठीण. ‘या गोष्टीतल्या पोरीला असे झाले’ म्हणणे त्यामानाने सोपे. पण तालीम घेणाऱ्याला त्या पात्राआडची मुलगी ओळखता आली पाहिजे, आणि ओळखल्यावर काय करायचे, कोणाला कळवायचे, मुलीला कसे सुरक्षित ठेवायचे, हे तालमीच्या आधी ठरलेले पाहिजे. नाहीतर मुलीने धीर करून उघडलेले तोंड तिच्याच अंगाशी येते.

झाडीपट्टीकडे यासाठी लागणारे सामान आहे. हंगामात रात्रीमागून रात्री प्रयोग करणारे नट आणि नट्या आहेत, ढोलकी आहे, मंडई आहे, आणि गोष्ट ऐकायला जमिनीवर बसून पहाट करणारा प्रेक्षक आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल देशाने घेतली. तिच्या कलावंतांनी तुरुंगात आणि वसतिगृहात जाऊन मुलींना आपली नाटके शिकवू नयेत. मुलींची गोष्ट मुलींच्या बोलीत बसवायला मदत करावी. मंडईच्या मांडवात ती गोष्ट यावी, मुलीचे नाव आणि ओळख सांभाळून. प्रेक्षकांत गावचा पोलीस पाटील असावा, तहसीलदार असावा, अधीक्षिका असावी, जमल्यास न्यायाधीशही असावेत.

शीला बर्से यांनी १९८२ साली ज्या पाच जणींचे ऐकले, त्यांच्यामुळे देशातल्या प्रत्येक अटक झालेल्या बाईला काही हक्क मिळाले. त्या पाच जणींनी नाटक केले नव्हते, कविता लिहिली नव्हती. त्यांनी एका बाईला घडले ते सांगितले आणि त्या बाईने ते योग्य ठिकाणी पोचवले. कोणत्याही कला-उपक्रमाला हीच कसोटी लावावी. टाळ्या किती पडल्या याची नोंद कार्यक्रमाच्या अहवालात असतेच. ऐकल्यावर कोणी काय केले, याची नोंद त्याच अहवालात पुढच्या ओळीवर व्हायला हवी.